डागांचा नकाशा

भुवनेश्वरी रडली नाही, याचा आमच्या गल्लीला फार राग आला होता. घरातलं माणूस गेलं की बाईनं निदान तेराव्यापर्यंत डोळे सुजवून बसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला चार समजुतीचे शब्द बोलायची संधी द्यावी, एवढी लोकांची माफक अपेक्षा असते. भुवनानं ती संधी कुणालाच दिली नाही. आलेल्यांना पाणी दिलं, विचारलेल्याची उत्तरं दिली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसून एका जुन्या आरशाच्या पाठीचे खिळे उपटत होती. पलीकडच्या मीनाक्षीबाई मला म्हणाल्या, "दगड आहे ती." मी म्हटलं, असेल. मला त्या बाईशी वाद घालण्यात कधीच रस नव्हता.

मी भुवनाच्या समोरच्या घरात राहते. नातं काही नाही, इथल्या रीतीनं ती मला मामी म्हणते. मूळची सांगलीची. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला एकतीस वर्षं झाली. आमचे हे, चंद्रमौळी, इथल्याच मराठी घराण्यातले. ह्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी होते म्हणे, तसे ते इथे सगळ्यांचेच होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पहिली दोन वर्षं मी इथल्या मराठीला हसले. सासूबाईंनी "कोठें गेली होतीस गे?" असं विचारलं की एखाद्या बखरीतून कुणी हाक मारतंय असं वाटायचं. मग माझीच मुलं तसं बोलायला लागली आणि हसायची सोय राहिली नाही.

भुवनाचे वडील पांडुरंगराव. बाजाराच्या मोठ्या रस्त्यावर त्यांचं देवांच्या तसबिरींना फ्रेमा करून द्यायचं दुकान होतं. गावात देवळं उदंड, त्यामुळे धंदा बरा चालायचा. आमच्या विठ्ठल मंदिरातली एकूणएक तसबीर त्यांच्या हातची. पुढे देव प्लास्टिकमध्ये चिकटवून मिळू लागले आणि काच-लाकडाची फ्रेम करायला कुणी येईना. त्याच सुमारास आजूबाजूच्या गावांतली जुनी घरं पाडायला सुरुवात झाली. त्या घरांतून माणसापेक्षा उंच बेल्जियम काचेचे आरसे निघायचे, सागवानी चौकटीचे, आणि कुणालाच नको असायचे. पांडुरंगरावांनी ते घ्यायला सुरुवात केली. भुवनानं ते विकायला सुरुवात केली. चेन्नैच्या आणि पुदुच्चेरीच्या लोकांना म्हणे दिवाणखान्यात जुना आरसा लागतो. लागू दे बापडा. कुणाच्या पणजीनं ज्यात बघून कुंकू लावलं तो आरसा आता कुणाच्या बुटांच्या कपाटावर लागतो आणि आलेले पाहुणे त्याचं कौतुक करतात.

या मंडळींचे लाडही भारी. आरसा जुना हवा आणि तो जुना दिसायलाही हवा. मागचा पारा उडून काचेवर जे काळपट डाग पडतात ते त्यांना हवे असतात, पण चेहऱ्याच्या उंचीवर नको. पुदुच्चेरीचा प्रवीणकुमार म्हणून एक घरं सजवणारा होता, तो तर प्रत्येक आरशाच्या डागांचा नकाशा मागायचा. भुवना चौकोन आखलेल्या वहीत आरशाचं माप काढायची आणि प्रत्येक डाग जागच्या जागी टिंब देऊन दाखवायची. आरशांवर जुन्या टिकल्या चिकटलेल्या असायच्या, त्या खोबरेल लावून पात्यानं काढायची. त्या टिकल्यांबद्दल मी एकदा काहीतरी हळवं बोलले, तर ती म्हणाली, "मामी, डिंक राहिला तर काच मळकट दिसत्ये."

आता तिच्या कामाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आरसा पारखणं वाटतं तितकं सोपं नसतं. आपण आरशासमोर उभे राहिलो की आपल्याला आपण दिसतो, मागची खिडकी दिसते, कॅलेंडर दिसतं. काच दिसतच नाही. काच बघायला नजर मध्येच थांबवावी लागते. हे पांडुरंगरावांनी तिला आठव्या-नवव्या वर्षी शिकवलं, आणि शिकवायची त्यांची तऱ्हा अशी की पोरीला आरशासमोर बसवायचं, "डाग मोज" म्हणून सांगायचं आणि स्वतः मागं उभं राहून वेडीवाकडी तोंडं करायची. तोंड एका बाजूला ओढायचं, एक डोळा मिटायचा, हात वर करून लुळा सोडायचा. पोर हसली की डोक्यावर टपली. "मला पाहिलेंस म्हणजे काच पाहिली नाहींस." मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. भुवना सांगायची, सहा महिने ती रोज हरायची. नंतर एक दिवस तिनं सगळे डाग मोजले, वळली, आणि बाप तोंड वाकडं करून दमलेला होता. त्या दिवशी त्यांनी तिला दुकानात शेजारी बसवलं.

पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं तो खेळ थांबला नाही. पांडुरंगराव ब्याऐंशी वर्षांचे झाले, पायानं अधू झाले, दिवसभर वेताच्या आरामखुर्चीत बसू लागले, तरी लहर लागली की मागून तोंड वाकडं करायचे. मी स्वतः दोनदा पाहिलंय. मला हसू आवरायचं नाही. भुवना ढिम्म. म्हाताऱ्याला तिच्या त्या ढिम्मपणाचा इतका अभिमान, की मला डोळ्यांनी खूण करून दाखवायचे, बघा, हलली का.

घरात हे दोघंच. आई गेली तेव्हा धाकटी भारती अकरा वर्षांची होती आणि भुवना वीस. भुवनाला स्थळं आली होती. आई गेल्यावर कुणी ती गोष्ट नेटानं लावून धरली नाही आणि तिनंही आठवण केली नाही. भारतीच्या वेण्या तिनं घातल्या, फी तिनं भरली, लग्नात आईच्या जागी तीच बसली. भारती चेन्नैत मोठ्या कंपनीत आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि भुवना तिला आज काय भाजी केली ते सांगते. बाप गेल्यावर जगात भुवनाचं म्हणून जे उरलं, ते हा फोन.

तो दिवस मासी महिन्यातला, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनातला, गुरुवार. दारासुरमच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरातून पाच फुटी आरसा आदल्या दिवशी आला होता. नवरीकडची मंडळी साडी अंगावर टाकून बघायची तो आरसा. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला, खाली गोणपाट. पांडुरंगराव सकाळी नऊला जेवून समोरच्या भिंतीशी खुर्चीत बसले होते. भुवना आरशासमोर पाट घेऊन बसली, वहीत नकाशा काढायला. प्रवीणकुमार फोनवर होता. त्याला डाग किती, कुठे, केवढे ते लगेच हवं होतं.

अकराच्या सुमाराला तिनं रस्त्यावर येऊन मला हाक मारली. नेहमीच्याच आवाजात, जरा मोठ्यानं. मी गेले तर पांडुरंगराव खुर्चीत एका अंगावर कलले होते, तोंड वाकडं, लाळ शर्टावर आलेली. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? भुवना म्हणाली, मी मागल्या अंगणात होते, आल्यावर पाहिलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अर्ध्या-पाऊण तासानं फार फरक पडला असता असं नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मुळीच पडला नसता असं मात्र म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे पांडुरंगराव गेले. भारती पोचली तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते.

तेराव्यानंतर भारती परत गेली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुवना दुपारची माझ्याकडे आली. मी वाल निवडत होते. तीही समोर बसून वाल निवडू लागली. जरा वेळानं म्हणाली, "मामी, मी मागल्या अंगणांत नव्हत्यें."

मी म्हटलं, "मग कुठे होतीस?"

"तेथेंच. आरशासमोर."

मग तिनं सगळं सांगितलं, वाल निवडता निवडता. नकाशा काढायला बसल्यावर थोड्याच वेळात तिला आरशात, वरच्या मोठ्या डागाच्या उजव्या अंगाला, बापाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं. एक डोळा मिटलेला. मग हात वर उठला आणि लुळा पडला. तिला वाटलं, लागले अप्पा खेळायला. महिन्याभरात दोनदा केलंच होतं त्यांनी. तिनं नजर काचेवरून हलवली नाही. सगळे डाग काढले, अठरा भरले, प्रवीणकुमारला सांगितले, वही मिटली. मग मागं वळून "अप्पा, अठरा" म्हणाली.

"किती वेळ गेला असेल?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटें. बोलणें किती चाललें तें फोनवर लिहून आहे."

माझ्या हातातले वाल हातातच राहिले. तिचे चालू होते. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला तिची दया नंतर आली, आधी भीती वाटली. समोर जे बसलं होतं ते सगळं सांगत होतं आणि त्याला काहीच होत नव्हतं.

"भारतीस सांगूं कां?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, सांगू नकोस. कशाला? गेलेला माणूस परत येत नाही, आणि असलेली बहीण मात्र जाईल. मला रडारड आणि कबुल्या यांचा मनापासून कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्यालाच मी शहाणपण समजत आले. भुवना "सेरी" म्हणाली. इथं बरं म्हणायचं असलं की सगळे सेरी म्हणतात. वालाची टरफलं गोळा करून ती घरी गेली.

पुढचे सात महिने ती अशीच होती. जेवायला बोलावलं की यायची, पानात वाढलेलं संपवायची. एकदा माझ्या हातून साराला मीठच घालायचं राहिलं, आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला तोंड वेंगाडलं. भुवनानं भात कालवून सगळा खाल्ला आणि ताक मागितलं. एकदा टिकली खरवडताना पातं बोटात रुतलं. रक्ताचे थेंब चौकटीवर पडले, तर तिनं आधी चौकट पुसली, मग उठून बोट नळाखाली धरलं. दुखलं का, विचारलं तर जरा विचार करून म्हणाली, दुखत असेल. प्रवीणकुमारनं त्या आरशासाठी तीन-चारदा फोन केले. तिनं आरसा विकायचा नाही एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. आरसा तोंड भिंतीकडे करून तिथंच उभा राहिला. दुसरे आरसे आले, गेले, त्यांचे नकाशे निघाले. एकादशीला ती मंदिरात यायची, भजनात टाळ धरून बसायची, आणि टाळ वाजवायची राहून जायची.

भारतीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. अप्पांनी शेवटी बघितलेला आरसा म्हणून अक्कानं तो ठेवलाय, असं तिला वाटलं. त्यात तिचं चूक काय? कुणालाही तसंच वाटेल. आणि चेन्नैत तिचा नवा फ्लॅट झाल्यावर तिनं तो आरसा मागितला. फोनवर मागितला आणि भुवना "सेरी" म्हणाली. मला हे कळलं तेव्हा भारती स्टेशनवर उतरलीसुद्धा होती, टेंपो दुसऱ्या दिवशीचा ठरला होता.

आरसा बांधायला तिसरा हात हवा म्हणून मला बोलावलं. मी सुतळीचा गुंडा घेऊन गेले. जुन्या गाद्या, चादरी, सगळं हॉलमध्ये काढून ठेवलेलं. भारती हौशी आहे, बोलकी आहे, आणि बापावर तिचा जीव होता. तिनं आरसा सुलटा करून घेतला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि मोबाईलवर तिच्या हॉलचं चित्र आम्हाला दाखवलं. सजवणाऱ्यानं काढून दिलेलं. एका भिंतीवर हा आरसा, समोरच्या भिंतीशी एकच खुर्ची.

"अप्पाची खुर्ची पण नेत्यें मी," ती म्हणाली. "आरशासमोर ठेवीन. ऑफिसांतून आल्यें कीं तेथें बसेन. अप्पा बसत होते तशी."

भुवना चादरीची घडी मोडत होती. ती थांबली. मला कळलं की ती आता सांगणार, आणि मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. तिनं मला पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करण्यात तिचा हात कोण धरणार?

"भारती, ती खुर्ची तेथें ठेवूं नको," ती म्हणाली. "मी तुला लबाड सांगटलें. मी अंगणांत नव्हत्यें."

आणि तिनं मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत, त्याच आवाजात सगळं सांगितलं. डागाच्या उजव्या अंगाला. एक डोळा मिटलेला. चाळीस मिनिटें. अठरा. मी गुंड्याची सुतळी उलगडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते. मला वाटत होतं, मी इथं नसते तर बरं झालं असतं.

भारती हळूहळू पांढरी पडली. आधी तिला उमजेचना. मग उमजलं. "तूं पाहिलेंस," ती म्हणाली. "तूं पाहिलेंस आणि बसून राहिलीस. अप्पा तुला बोलवत होते अक्का. हात वर केला त्यांनीं. तुला बोलवायला केला."

"होय."

"आणि तुला खेळ वाटला? माणूस मरतें तें आणि खेळ, यांत फरक कळत नाहीं? पन्नास वर्षांची बाई तूं."

भारतीनं मोबाईल पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली. टेंपोवाल्याला नको म्हणून कळवा, असं ती मला म्हणाली, बहिणीला नाही. मी दाराशी उभी होते. मला तिला अडवायचं होतं, पण कुठल्या तोंडानं? सात महिन्यांपूर्वी मीच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून. तेव्हा सांगितलं असतं तर निदान दोघी एकाच दुःखात असत्या.

उंबऱ्यात जाऊन भारती थांबली. पाठमोरीच म्हणाली, "कसें केलें होतें तोंड? दाखव मला. मला दाखव, असें काय दिसलें तुला कीं उठावेंसें वाटलें नाहीं."

मला वाटलं, भुवना नाही म्हणेल. तिनं चादर खाली ठेवली. जाऊन बापाच्या खुर्चीत बसली, अंग थोडं डावीकडे सोडलं, आणि तोंड एका बाजूला ओढलं. उजवा डोळा मिटला. दुसरा उघडा, भारतीवर. मग हात हळूच वर उचलला, खांद्यापर्यंत, आणि मनगट मोडल्यासारखा सोडून दिला.

भारती हसली.

आवरायला तिला वेळच मिळाला नाही. फसकन हसू बाहेर आलं, नाकातून, पोरीसारखं. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि हातांच्या वरून तिचे डोळे मोठे होत गेले. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली. खुर्चीत पांडुरंगरावच बसले होते, दुसरं कुणी नव्हतं. मलाही हसू आलं होतं, मी कशाला खोटं बोलू?

भुवनानं तोंड सरळ केलं. बहिणीकडे बघितलं. त्या सात महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला.

"मला पण हांसूं आलें होतें," ती म्हणाली. "तेवढेंच हांसून मागें वळायचें होतें, तर दाबलें."